तीन शनिवार

ईस्टरच्या सोमवारी मालिनने दारात बूट घालता घालता बापाला सांगून टाकलं, की सिग्ने या उन्हाळ्यातही इकडे राहायला येणार नाही.

"धूळ आहे बाबा, या घरात. दोन दिवस झाले, पोरीची छाती नुसती वाजतेय."

"झाडून घेतो की मी," वेर्नर म्हणाला.

"झाडल्याने उडते. हे तुला मी सांगायचं का?"

वेर्नरने दाराबाहेर बघितलं. सहा वर्षांची सिग्ने गाडीत बसून काचेवर नाक दाबत होती. आजोबांनी तिला सफरचंदाच्या झाडाला झोपाळा बांधून द्यायचं कबूल केलं होतं, गेल्या वर्षीही केलं होतं. बायको गेल्यापासून या माणसाच्या आयुष्यात वाट बघावी असं एकच काही उरलं होतं, ते म्हणजे नातीची उन्हाळ्याची सुट्टी. तीही दुसऱ्यांदा हातची चालली होती.

"आणि समजा, धूळच नसली तर?"

मालिनने नाडी घट्ट ओढली. "मग बघू."

आता आमच्या या स्मोलांड मुलखात 'बघू' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही माणसं तोंडावर 'नाही' म्हणत नाही. कॉफी नको असली तरी 'अर्धा कप चालेल' म्हणतो, आणि नरड्याशी आलं तरी 'जरा त्रास आहे' एवढंच म्हणतो. 'बघू' म्हणजे दार लागलं. पण वेर्नर पडला यंत्रांचा माणूस. त्याला वाटलं, पोरीने काम सांगितलंय. आणि काम म्हटलं की ते करता येतंच, अशी त्याची जन्मभराची समजूत.

वेर्नरला गावात 'पंखेवाला' म्हणत. गावाबाहेरच्या खिडक्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्याचं काम एकच: यंत्रांची धूळ ओढून घेणारे पंखे, नळ, पिशव्या सांभाळायच्या. करवत असो, रंधा असो, प्रत्येक यंत्राच्या तोंडाशी त्याचा नळ असायचा. कामगारांच्या हातात झाडू दिसला की हा लांबून ओरडायचा, "झाडायचं नाही, ओढायचं!" आणि करवत थांबली तरी पंखा आणखी पाच मिनिटं चालू ठेवायचा, नळातला कण न् कण पिशवीत पडेपर्यंत, हा त्याचा नियम. त्यात एकतीस वर्षांत खाडा नाही. सरकारी तपासनीस बाई आल्या, तुळईवरून बोट फिरवलं आणि ते कोरं बोट बघत राहिल्या. निवृत्तीच्या दिवशी मालकाने भाषणात सांगितलं, की या एका माणसाने तीनशे जणांची फुप्फुसं सांभाळली. बेरित, म्हणजे त्याची बायको, पहिल्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या आणि मग रुमाल तोंडाशी धरून खोकली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

घरच्या तळघरात वेर्नरची स्वतःची करवत होती. सत्त्याऐंशी साली जुनी घेतलेली, लोखंडी टेबलाची, वजनाने म्हशीएवढी. टेबलाखाली तिचं पोट उघडं. लाकूड कापलं की निम्मा भुसा जमिनीवर, निम्मा हवेत. तिला ना नळ होता ना पंखा. "घरचीच तर करवत, चालणार ती कितीशी," असं तो म्हणायचा. चालायची मात्र रोज, जेवणानंतर दोन तास, आणि निवृत्तीनंतर दिवसभर. सगळ्या गावाला त्याच्या खुर्च्या हव्या असायच्या. ओकच्या लाकडाच्या, तीन पिढ्या मोडायच्या नाहीत अशा.

तळघराला दोन खोल्या. एकीत करवत, दुसरीत बेरितचं कपडे धुण्याचं मशीन आणि वाळत घालायच्या दोऱ्या. मध्ये फळ्यांचं दार, त्याच्या फटीतून बोट जाईल एवढी जागा. आमच्याकडे ऑक्टोबर ते एप्रिल कपडे बाहेर वाळत नाहीत, तेव्हा चादरी तिथेच. ओकची धूळ ओल्या चादरीवर बसली की पिवळट तपकिरी डाग पडतात, ते निघता निघत नाहीत. बेरित त्या परत धुवायची. फार झालं तर दार थोडं उघडून म्हणायची, "आज थोडी धूळ आहे हं, वेर्नर."

"बघतो शनिवारी."

घरची कामं शनिवारी, हा आमचा सगळ्यांचाच शिरस्ता. पण शनिवार आला की त्याच्याबरोबर काहीतरी यायचंच. कधी होडीला डांबर, कधी एल्क हरणाची शिकार, कधी कुणाची अर्धवट राहिलेली खुर्ची. बेरितने आणखी काही बोलायला तोंड उघडलं, की वेर्नर करवतीचं बटण दाबायचा. बाई बोलायला लागली की करवत सुरू करायची, ही त्याची जुनी खोड. भांडायचं नाही, ऐकायचंही नाही. बरं, तीही दुसऱ्यांदा सांगणारी नव्हती. कशाला सांगेल? पहिल्यांदा सांगितलेलं कुठे कुणी ऐकलं होतं.

एकदा फक्त, मालिन पंधरा-सोळा वर्षांची असेल, ती जेवताना म्हणाली, "आईला त्या धुळीने खोकला येतो." वेर्नर हसला. "भुशाने कुणी मेलंय का गं अजून?"

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात बेरित गेली. फुप्फुसं घट्ट होत गेली, शेवटी जिना चढवेना. डॉक्टरांनी कारण कळत नाही म्हणून सांगितलं. वेर्नरने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तर ईस्टरनंतर वेर्नर कामाला लागला. निवृत्त माणसाला सातही वार सारखेच, पण घरचं काम म्हणजे शनिवार. पहिल्या शनिवारी शेजारचा ईवार आपल्या गाडीला मागची ट्रॉली जोडून कारखान्याच्या भंगारातला पंखा घेऊन आला.

"जन्मभर पंखे पुसलेस, हौस फिटली नाही वाटतं," ईवार म्हणाला.

"नात येणारे राहायला."

"नातीला झोपाळा बांधतात. हा तोफखाना कशाला?"

"तिला दमा आहे."

ईवारने टोपी मागे सरकवली. पंख्याकडे बघत म्हणाला, "बेरितलाही तसंच काहीतरी होतं की."

"तो दोर सोड तिकडून," वेर्नर म्हणाला. "आणि पायावर घेऊ नकोस."

त्या दिवशी त्याने करवतीचं पोट बंद केलं. टेबलाखाली चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या, तळाला उतार दिला, उताराच्या टोकाला वीतभर रुंदीचं भोक पाडून नळ बसवला. फटी फटी बुजवल्या. हात त्याचा तरबेजच. कुठे काय लागणार ते त्याला डोळे मिटून कळत होतं. एकतीस वर्षांत असली शंभर पोटं त्याने बंद केली होती.

दुसऱ्या शनिवारी नळ आणि पिंप. नळ जितका सरळ तितकी ओढ जास्त. प्रत्येक वळण पंख्याचा दम खातं. म्हणून त्याने लाकडाची मांडणी हलवली, कामाचं टेबल हलवलं आणि नळ सरळ नेला. मध्ये पत्र्याचं पिंप ठेवलं, त्यात हवा गरगर फिरते आणि जड भुसा खाली बसतो. उरलेली बारीक धूळ पुढे पिशवीत जाते, आणि ती पिशवी त्याने तळघरात न ठेवता बाहेरच्या लाकडाच्या खोपट्यात नेली. दिसतो तो भुसा, तो बिचारा गरीब. त्याला खोरं पुरतं. जी दिसत नाही ती खरी चोर, ती छातीत जाऊन बसते. हे तो नव्या कामगारांना पहिल्या दिवशी सांगायचा. वाक्य त्याला अजून पाठ होतं.

मग त्याने दिवे घालवले, ओकची एक फळी कापली आणि अंधारात बॅटरीचा झोत सोडला. झोतात कण नाचत होते. पूर्वीच्या दहावा हिस्साही नसतील, पण होते. पात्याच्या वरच्या अंगाने उडत होते.

म्हणून तिसऱ्या शनिवारी पात्यावर एक टोप बसवला, त्याला दुसरा नळ. परत दिवे घालवले, परत झोत सोडला. झोत कोरा. इतका कोरा, की त्याला क्षणभर वाटलं बॅटरीच बिघडली. वेर्नर अंधारात एकटाच हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्याला छान वाटत होतं.

तरी पंखेवाला तो. घरातली हवा कुठून कुठे जाते ते बघितल्याशिवाय काम पुरं कसं म्हणायचं? नाताळातली उरलेली एक मेणबत्ती पेटवून तो तळघरभर फिरला. कपड्यांच्या खोलीत, दोऱ्यांच्या मागच्या कोपऱ्यात ज्योत वाकली. तिथे विटांचं जुनं धुराडं होतं, शेगडी काढल्यापासून नुसतं हवेला उरलेलं. तळघरातली हवा त्यातून वर जात होती. वर कुठे? तो जिना चढून गेला. धुराडं त्यांच्या झोपायच्या खोलीत उघडत होतं, बेरितच्या उशीच्या वर, भिंतीतल्या पत्र्याच्या जाळीत. छत्तीस वर्षं त्या खोलीत झोपला, पण त्या जाळीकडे त्याने कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

खुर्ची घेतली, स्क्रू काढायला पेचकस लावला. घरातले सगळे जुने स्क्रू रंगाने थिजलेले, हे चार मात्र चकचकीत. भराभर फिरले. कुणीतरी ते पुन्हा पुन्हा काढले होते.

जाळीमागे बायकांचा नायलॉनचा पायमोजा होता. कापून, दुहेरी करून, तारेच्या गोल कड्यावर ताणून बसवलेला, कडेला बारीक टाके घातलेले. मोजा मुळात कातडीच्या रंगाचा असणार. आता तो ओकच्या रंगाचा झाला होता आणि हाताला जाड लागत होता.

वेर्नरच्या मनात पहिला विचार काय आला? लाज वाटते सांगायला, पण सांगतो. त्याला वाटलं, काम चांगलं आहे, पण मोज्याची वीण जरा विरळ पडली. बारीक धूळ हिच्यातून निघून जाते.

मग तो खुर्चीवरून उतरला आणि पलंगावर बसला, तिच्या बाजूला.

तिच्या शिवणाच्या डब्यात आणखी सात कडी सापडली. सगळी धुतलेली, एकावर एक रचून ठेवलेली. म्हणजे ती हे काढायची, धुवायची, नवं लावायची. तो खाली करवत चालवत असताना ही इथे खुर्चीवर चढून, दम लागत असताना, पेचकस फिरवत होती. पंखेवाल्याची बायको. वेर्नरला रडायला आलं नाही. त्याने ती कडी परत डब्यात ठेवली, डब्याचं झाकण लावलं, आणि तळघरात जाऊन धुराड्याचं तोंड पत्र्याने पक्कं बंद केलं. काम संपलं.

मालिनला फोन करून त्याने एवढंच सांगितलं, "ये आणि बघ. धूळ दिसली तर परत जा."

मिडसमरच्या शुक्रवारी, म्हणजे पोरी रानफुलांचे मुकुट घालतात त्या उन्हाळी सणाला, ती आली. वेर्नरने नवे बटाटे शिजत ठेवले होते, हेरिंग मासळी तीन तऱ्हेची आणली होती, स्ट्रॉबेरीचा केक बेकरीतून. सिग्ने गाडीतून उतरली ती थेट सफरचंदाच्या झाडाकडे. दोर टांगलेले होते, फक्त बसायची फळी राहिली होती.

"आजोबा, फळी कुठाय?"

"एक काप राहिलाय राणी. आत्ता देतो."

"आत्ता म्हणजे आज?"

"आज. जेवायच्या आधी."

मालिनने गाडीतून एक पिवळी बॅग काढून ओसरीवर ठेवली. लहान मुलीची, वर ससा शिवलेली. औषधाचा फवारा बाजूच्या खिशात. वेर्नरने ती बॅग बघितली. बॅग आणलीय, म्हणजे ठेवायच्या विचारानेच आलीय.

"खाली चल," तो म्हणाला.

त्याने तिला सगळं दाखवलं. पोट, उतार, पिंप, टोप. तो बोलत होता आणि मालिन ऐकत होती, हात कोटाच्या खिशात. शेवटी त्याने फळ्यांचं दार उघडलं. आत दोरीवर बेरितची एक पांढरी चादर टांगलेली होती.

"सकाळी ओली टांगली. मग तीन तास ओक कापला, मध्ये हे दार सताड उघडं ठेवून. बघ. बोट फिरवून बघ."

मालिनने बोट फिरवलं नाही. चादरीचा काठ दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे केला आणि बराच वेळ बघत राहिली. एक डाग नव्हता.

"खरंच काही नाहीये," ती म्हणाली.

"नाहीच आहे."

"किती दिवस लागले तुला?"

इथे वेर्नरने गप्प बसायला हवं होतं. पण इतकी वर्षं कारखान्यात हाच प्रश्न त्याला कौतुकाने विचारला गेला होता, आणि जुना अभिमान आपणहून तोंडात आला. "तीन शनिवार," तो म्हणाला. "चौथा लागलाच नाही."

मालिनने चादर सोडली.

"तीन शनिवार," ती म्हणाली.

पिंपाच्या पत्र्यावर कुठेतरी माशी आपटत होती. वेर्नरला कळलं आपण काय बोललो, पण बोललेलं परत नळातून ओढून घ्यायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं.

"जाळीमागचे मोजे सापडले मला," तो हळूच म्हणाला. "तिने लावलेले."

"माहितीये मला. मीच आणून द्यायचे. दर महिन्याला एक पाकीट. म्हणायची, बाबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल."

"मला सांगायला हवं होतं तिने."

"सांगत होती की. 'थोडी धूळ आहे' म्हणत होती. आईच्या तोंडून याहून जास्त कधी काय आलंय, बाबा? बाळंतपणातसुद्धा 'थोडं दुखतंय' म्हणाली होती म्हणे." मालिनचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी तिला विचारलं, घरात काही धूळबीळ असते का? मी होते शेजारी. आई काय म्हणाली माहितीये? म्हणाली, 'छे हो. माझा नवरा धुळीतलाच माणूस आहे. तो असताना घरात धूळ कशी असेल?'"

"तिने... थट्टेने म्हटलं का?"

"नाही कळलं मला. दोन वर्षं तोच विचार करतेय मी." तिने डोळे पुसले. "मला वाटायचं, होत नसेल बाबांच्याने. अवघड असेल, खर्चाचं असेल, घराला झेपत नसेल. तेच मी धरून बसले होते. आणि तू म्हणतोस तीन शनिवार."

"सिग्नेसाठी केलं मी हे. तुझ्यासाठी."

"हो ना. आमच्यासाठी केलंस." तिने एकदा त्या सरळ, सुबक नळाकडे बघितलं. "मी वर जाते."

ती जिना चढून गेली. वेर्नर उभा राहिला. तिच्या मागे जावं, काहीतरी म्हणावं, हे त्याला कळत होतं. पण काय म्हणायचं? त्याचं लक्ष झोपाळ्याच्या फळीकडे गेलं. एकच काप राहिला होता. वर पोरगी वाट बघतेय. फळी घेऊनच वर जाऊ, हातात काहीतरी असलं की बोलायला बरं पडतं. मालिनलाही तेवढाच वेळ मिळेल, शांत होईल.

त्याने आधी पंखा लावला, मग करवत. फळी लोण्यासारखी कापली गेली, हवेत कणही उडाला नाही. करवत बंद केली. पंखा चालू ठेवला, पाच मिनिटं. नियम म्हणजे नियम. तेवढ्यात त्याने फळीच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, पोरीला लाकडाची कूस टोचू नये म्हणून. पंख्याच्या घरघरीत मध्येच त्याला वाटलं कुणीतरी 'आजोबा' म्हणून हाक मारली. घड्याळाकडे बघितलं. दीड मिनिट राहिलं होतं.

मग त्याने पंखा बंद केला आणि फळी घेऊन वर आला.

बटाट्याच्या पातेल्याखालची आच कुणीतरी घालवली होती. ओसरीवरची पिवळी बॅग नव्हती. फाटक नीट लावलेलं होतं, आणि रस्त्यावर गाडी नव्हती. पायरीवर रानफुलांचा अर्धवट गुंफलेला मुकुट पडला होता. झाडाला दोन दोर लोंबत होते.

पलीकडून ईवारने कुंपणावरून विचारलं, "एवढ्यात गेली का रे मंडळी? पोरगी रडत होती. तुला हाका मारत होती कितीतरी."

"पंखा चालू होता," वेर्नर म्हणाला.

ईवार कुंपणापासून मागे झाला. आत निघून गेला.

वेर्नरने फळी झाडाखाली गवतावर ठेवली. परत तळघरात गेला. चादर आता पार वाळली होती. चादरीची घडी दोघांचं काम, दोन टोकं एकाने धरायची, दोन दुसऱ्याने, आणि ताणायची. बेरितचं दुसरं टोक तो तरुणपणी कधीतरी धरायचा, मग तिने बोलावणं सोडून दिलं होतं. त्याने एकट्याने घडी घालायचा प्रयत्न केला. कोपरे जुळेनात, एक टोक जमिनीला लागलं. ते त्याने उचललं, उजेडात नेलं आणि बोट फिरवून बघितलं. जमिनीवरही धूळ नव्हती.